केए-२२ घ्यावी की एमएच-०९?

बेळगाव, खानापूर, निपाणीत जुनी गाडी शोधायला निघालं की दोन पर्याय समोर येतात: इथलीच केए-२२ किंवा केए-२३ पासिंगची, नाहीतर कोल्हापूरची एमएच-०९.

कोल्हापूरची गाडी कधी स्वस्त सांगतात. पण तिथल्या आरटीओची एनओसी (ना हरकत दाखला), म्हणजे फॉर्म २८, हातात पडल्याशिवाय पूर्ण पैसे सोडू नका. "कागद मागाहून देतो" म्हणणाऱ्यापुढून मी तरी उठतो. परराज्याच्या नंबरवर बारा महिन्यांपेक्षा जास्त गाडी ठेवायची तर इकडे नवी नोंदणी लागते, शिवाय कर्नाटकाचा लाइफटाइम टॅक्स. हे धरलं की स्वस्ताई बरीच विरते. शिवाय २०१९ आणि २०२१ चे पंचगंगेचे पूर आठवा. कार्पेट उचलून बघा, सीटच्या रुळांवर गंज आहे का. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा, चिखलाची रेघ तिथं हमखास राहते. (२०१९ ला आपल्या जिल्ह्यातही पाणी शिरलंच होतं, तेव्हा केए गाडीलाही हीच तपासणी.)

इथल्या गाडीचे कागद सोपे: मालकी बदलायचे फॉर्म २९, ३०, आणि कर्ज फिटलं असेल तर बँकेच्या सहीचा फॉर्म ३५. खोट असते ती मीटरमध्ये. चाळीस हजार किलोमीटर दाखवणाऱ्या गाडीचं ब्रेक पेडल गुळगुळीत झालेलं असेल, तर सर्व्हिसची जुनी बिलं मागा. मालक कितवा, हे आरसीवर वाचा. एजंटच्या तोंडून नको.

दरात मोठा फरक नसेल, तर माझं मत केएलाच.