वरून ताजा रंग, आतून कुजलेला एमडीएफ: जुनं बाहुलीघर घेताना झालेली फसवणूक

जुनं डॉलहाउस स्वस्तात घ्यायचं, घरीच दुरुस्त करून, रंगवून, सजवून पोरीला द्यायचं, असा बेत हल्ली बरेच जण करतात. बेत चांगलाच आहे. माझ्या भाचीला हवं होतं तसं तीन मजली घर नवीन घ्यायचं तर चौदा हजारांच्या घरात जात होतं. जुनं साडेचार हजारांत मिळत होतं. पण या व्यवहारात लुबाडणारी माणसं बसली आहेत. ती काय काय करतात ते नीट कळावं म्हणून हे सविस्तर लिहितेय.

जाहिरातीत लिहिलं होतं: ‘सॉलिड वूड, तीन मजली, लिफ्टसह, सर्व फर्निचर, लाइट चालू, कंडिशन ए-वन.’ फोटो समोरून काढलेले, छान उजेडातले. विकणारा बोलायला अगदी गोड. “ताई, माझ्या मुलीचंच आहे, ती मोठी झाली आता.” मी बघायला येते म्हटलं तर म्हणाला, आम्ही गावी आलोय, पण दुसरी पार्टी तयार आहे, हजार रुपये टोकन टाका म्हणजे तुमच्यासाठी ठेवतो. टोकन गेल्यावर दुसऱ्याच दिवशी टेम्पो दारात हजर. ड्रायव्हर म्हणाला, “मॅडम, मालकांनी सांगितलंय, पेमेंट आल्याशिवाय उतरवायचं नाही.” घर बबलरॅपमध्ये आणि त्यावर प्लॅस्टिकच्या फिल्ममध्ये इतकं गच्च बांधलेलं की आतला रंगसुद्धा धड दिसत नव्हता. वॉचमन गाडी हलवा म्हणून ओरडत होता, मागे गाड्यांची रांग लागली होती. ही घाई मुद्दाम घडवून आणलेली असते. उरलेले साडेतीन हजार त्या गडबडीत गेले.

उघडल्यावर पहिल्यांदा आला तो ऑइल पेंटचा उग्र वास. रंग इतका ताजा होता की बोट चिकटत होतं. आत सगळीकडे नवा वॉलपेपर. पुढच्या आठवड्यात तळमजल्याच्या भिंतीवर त्याला फुगे आले. कोपरा धरून ओढला तर कागद अख्खा हातात आला आणि मागे काळपट बुरशी. खालच्या कडेला नख लावलं तर ते सरळ आत गेलं. चहात बुडवलेल्या बिस्किटासारखी ती कड बोटांत विरघळत होती. सॉलिड वूड कसलं, साधा एमडीएफ होता, आणि तोही पाण्यात राहिलेला. एमडीएफ म्हणजे लाकडाचे बारीक तंतू रेझिनमध्ये दाबून केलेली फळी. एकदा पाणी पिऊन फुगली की वाळली तरी पूर्ववत होत नाही, आणि तिच्यात स्क्रू धरत नाही. कोपऱ्यांतली मूळची फिटिंग्ज गायब होती. त्या भोकांत लांबी (पुट्टी) भरून सगळं घर फेविक्विक आणि ग्लूगनवर उभं केलं होतं.

लिफ्ट फोटोत दुसऱ्या मजल्यावर दिसत होती. ती तिथेच भिंतीला चिकटवलेली निघाली. दोरा नाही, पुली नाही.

फर्निचरची लबाडी तर मला आधी कळलीच नसती. सगळ्या वस्तू होत्या, पण भाचीची बाहुली एकाही खुर्चीत बसेना. या २९ सेंटिमीटरच्या फॅशन डॉल साधारण एकास सहा मापाच्या, म्हणजे खऱ्याच्या एक षष्ठांश असतात. छंद म्हणून जी नाजूक घरं करतात त्यांचं प्रचलित माप एकास बारा. आपल्या खुर्चीची बैठक जमिनीपासून ४५ सेंटिमीटर धरली तर एकास सहामध्ये ती साडेसात सेंटिमीटरवर येते आणि एकास बारामध्ये पावणेचारवर. म्हणजे भलत्याच सेटमधलं सामान कोंबून ‘सर्व फर्निचर’ म्हणून विकलं होतं. जाहिरातीतल्या एकाही फोटोत बाहुली नव्हती, ती का नव्हती हे तेव्हा उमगलं.

सगळ्यात जास्त संताप आला तो लाइटचा. छताला चिकटवलेल्या छोट्या दिव्यांत बटन सेल होते आणि झाकणाला स्क्रूच नव्हता, नखाने उघडत होतं. असा सेल लहान मुलाने गिळला आणि अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांतही आतून गंभीर भाजतं. खेळण्यात सेलचं झाकण स्क्रूने बंद असलंच पाहिजे. घरात रांगतं मूल असेल तर असे दिवे घर आल्या आल्या काढून टाका. मुलांच्या वस्तूत पैशांसाठी असला हलगर्जीपणा करणाऱ्याला मी माफ करू शकत नाही.

रंगाचंही तेच. घरगुती रंगांत शिशाची मर्यादा ९० पीपीएम (दहा लाख भागांत ९०) ठेवणारे नियम आपल्याकडे २०१६ मध्ये झाले आणि नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाले. कुणाच्या माळ्यावरचा कुठला जुना डबा या घराला फासलाय ते कोण सांगणार? म्हणून मी त्या फळ्या घासल्या नाहीत. पॉलिश पेपर मारला की धूळ उडते आणि ती पोरांच्या पोटात जाते. खालच्या दोन्ही फळ्या आणि मागची भिंत सरळ काढून टाकली.

विकणाऱ्याकडे तक्रार केली तेव्हा तो म्हणाला, “ताई, सेकंडहँड म्हणजे सेकंडहँडच असणार ना.” मी जाहिरातीचे स्क्रीनशॉट पाठवले तसा सूर बदलला. “ठीक आहे, दोन हजार परत करतो, क्यूआर पाठवलाय, स्कॅन करा आणि पिन टाका.” इथे मी थांबले. यूपीआयचा पिन पैसे देतानाच लागतो. आपल्या खात्यात पैसे यायचे असतील तर ना स्कॅन करावं लागतं, ना पिन टाकावा लागतो. समोरचा कितीही समजावून सांगो, पिन मागितला की तो आणखी पैसे काढायला बसलाय हे नक्की. मी नाही म्हटल्यावर त्याने मला ब्लॉक केलं. मी १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करून तक्रार नोंदवली, सगळे चॅट आणि व्यवहाराचे क्रमांक दिले. माझे पैसे अजून आलेले नाहीत. तरी सांगते, हा फोन लवकरात लवकर करायचा असतो, कारण पैसे पुढच्या खात्यांत पसरण्याआधी अडवता येण्याची शक्यता तेव्हाच जास्त असते.

घर मात्र मी टाकून दिलं नाही. आमच्या सुतारकाकांकडे किचन ट्रॉलीच्या कामातून उरलेले सहा एमएम प्लायचे तुकडे होते, ते त्यांनी मापात कापून दिले. फेविकॉल आणि बारीक खिळे, आणि रात्रभर वजन ठेवून सांधे पक्के केले. वरच्या मजल्यांचा एमडीएफ कोरडा होता, त्याच्या उघड्या कडांना पातळ केलेल्या फेविकॉलचे दोन हात दिले. नव्या प्लायला पाण्यातला अ‍ॅक्रिलिक रंग दिला. पडद्यांना आणि गादीला खणाचे उरलेले तुकडे, भिंतींना वॉलपेपरच्या दुकानातल्या बाद झालेल्या सॅम्पल बुकची पानं. स्वयंपाकघरासाठी तुळशीबागेत गेले ती बाहुली पिशवीत घालूनच. भातुकलीतली पितळी कळशी तिच्या कमरेवर शोभते, पण तिथला बंब तिच्या खांद्यापर्यंत आला असता, तो नाही घेतला. या सगळ्याला सतराशे रुपये लागले. म्हणजे एकूण बासष्टशे, आणि सुतारकाका म्हणाले की पाच हजारांत त्यांनी मला कोरं घर करून दिलं असतं.

तेव्हा कुणी जुनं घर बघत असेल तर विकणाऱ्याला व्हिडिओ कॉलवर घ्या आणि घर उलटं करायला सांगा. खरी कंडिशन तळ आणि मागची बाजू सांगते, दर्शनी भाग नाही. प्रत्येक खोलीत बाहुली उभी करायला लावा, लिफ्ट चालवून दाखवायला लावा, सेलचं झाकण जवळून बघा. जुन्या घराला ताजा रंग आणि कोरा वॉलपेपर असेल तर एका कोपऱ्यातला कागद उचलून दाखवा म्हणावं. ज्याचं खरंच मुलीचं घर आहे तो हे सगळं आनंदाने करतो. माझ्या मैत्रिणीला असंच एक घर एका आजींनी दिलं, तुटलेल्या दोन खिडक्या आणि हरवलेला जिना त्यांनी आपणहून आधी सांगितला.

या माणसाची जाहिरात नव्या नावाने परत आली आहे. या वेळी घर जांभळं आहे, पण फोटोतली निळ्या नक्षीची फरशी आणि मागचा कपाटाचा आरसा तोच आहे. मी दोन्ही जाहिरातींचे स्क्रीनशॉट तक्रारीला जोडले आहेत. तुम्हाला ती फरशी दिसली तर टोकन पाठवू नका, आणि पाठवून झालं असेल तर आत्ताच १९३० लावा.