बेंबीच्या वरच्या हर्नियाची दुर्बिणीतून शस्त्रक्रिया: सात महिन्यांनंतरचा अनुभव

छातीच्या मधल्या हाडापासून बेंबीपर्यंत, पोटाच्या दोन्ही बाजूंच्या स्नायूंच्या मध्ये जी चिवट पांढरी पट्टी असते, तिला पडलेल्या सुमारे तीन सेंटिमीटरच्या छिद्रातून माझ्या पोटातील चरबी बाहेर येत असे. दुखणे नेमके जठराच्या जागी असल्यामुळे बराच काळ त्यावर पित्ताचेच उपचार झाले. खोकताना गाठ दिसू लागल्यावर सोनोग्राफीत निदान झाले.

एक सेंटिमीटरपेक्षा लहान छिद्राला दुर्बिणीची सहसा गरज नसते, छोटा छेद पुरतो, हे सर्जननी आधीच स्पष्ट केले. मला मधुमेह आहे, वजनही जास्त आहे; मोठ्या जखमेत जंतुसंसर्गाचा धोका अधिक, म्हणून त्यांनी दुर्बिणीचा मार्ग सुचवला आणि तो मला आजही योग्य वाटतो. त्यांनी छिद्र आधी टाक्यांनी मिटवले आणि मग त्याच्या चारही बाजूंना पाच सेंटिमीटर पसरेल अशी जाळी आतून बसवली. ही जाळी आतड्यांच्या बाजूने वेगळ्या थराची असते, त्यामुळे आतडी तिला चिकटण्याचा धोका कमी होतो; साध्या जाळीपेक्षा ती बरीच महाग असते. यकृतापासून पोटाच्या भिंतीकडे येणारा चरबीयुक्त पडदा सोडवल्याशिवाय या भागात जाळी सपाट बसत नाही, आणि बरगड्यांच्या वर ती पिनांनी ठोकता येत नाही, कारण पलीकडे श्वासपटल आणि हृदय असते. बेंबीखालच्या हर्नियात ही अडचण नसते.

बाहेरच्या जखमा अगदी लहान असल्या तरी वेदना तेवढ्याच लहान असतील, असे कोणीही समजू नये. पोटात भरलेल्या वायूमुळे खांदा दुखला तो लवकर थांबला. पिनांच्या जागा मात्र कित्येक आठवडे, विशेषतः कुशीवर वळताना, टोचत राहिल्या. गाठीच्या जागी पुन्हा फुगवटा दिसला तेव्हा हर्निया परतला अशी भीती वाटली, पण ते साचलेले पाणी होते आणि ते आपोआप जिरले. पोटाचा पट्टा आणि वजन न उचलण्याची सूचना मी कसोशीने पाळली. आता चालणे, जिना चढणे, बाजारहाट सर्व पूर्ववत आहे. जोराची शिंक आली की उजव्या बरगडीखाली थोडी ओढ जाणवते.

जाळी स्नायूच्या मागे, पोटाच्या पोकळीबाहेर ठेवण्याची नवी पद्धतही आहे. तिच्यात साधी जाळी चालते आणि बहुधा पिनाही लागत नाहीत, परंतु शस्त्रक्रिया अधिक कौशल्याची आहे. म्हणून जाळी कोणत्या थरात बसवणार आणि ती कशाने रोवणार, हे भूल देण्याच्या आदल्या दिवशी नव्हे, पहिल्याच भेटीत विचारावे, आणि जाळीच्या वेष्टनावरील स्टिकर डिस्चार्जच्या कागदांसोबत मागून घ्यावे. पुढे पोटाची दुसरी शस्त्रक्रिया करावी लागली, तर त्या सर्जनला आत कोणती जाळी आहे हे त्यावरूनच कळेल.