घरच्या गॅरेजात कुठली बरी: ६६ ची मस्टँग की ६९ ची कॅमेरो?

फोर्डची मस्टँग आणि शेवरोलेची कॅमेरो, दोन्ही जुन्या अमेरिकन गाड्यांवर माझा जीव आहे, पण पहिलंच रिस्टोरेशन, म्हणजे जुनी गाडी पुन्हा नव्यासारखी करायचं काम असेल तर आधी मस्टँग बघा असं मी म्हणेन. १९६६ मध्ये सहा लाखांच्या वर मस्टँग बनल्या, १९६९ च्या कॅमेरो अडीच लाखांच्या आत, म्हणून कॅमेरो सहसा महाग पडते. नवे पार्ट मात्र दोन्हीचे भरपूर मिळतात.

मस्टँगचं खरं दुखणं काउल, म्हणजे विंडशील्डच्या खालचा पोकळ पत्र्याचा भाग. विंडशील्डच्या खालच्या जाळीत तांब्याभर पाणी ओता आणि डॅशबोर्डखाली आडवं पडून टॉर्च मारा, पाणी ठिबकून कार्पेटवर आलं की समजायचं आतून पत्रा सडलाय, आणि तो काढायचा म्हणजे स्पॉट वेल्ड (पत्रे जोडणारे ठिपक्यांसारखे वेल्ड) एकेक करून ड्रिल करत बसायचं, त्यात कित्येक शनिवार-रविवार जातात. विकत घ्यायच्या आधी हे कराच, रंग कितीही चकचकीत असो.

कॅमेरोत मला सगळ्यात आवडतं ते पुढचं सबफ्रेम, म्हणजे इंजिन आणि पुढची चाकं धरणारा सांगाडा, ते बोल्टवर बसलेलं असतं, त्यामुळे बॉडी नीट टेकवून इंजिन, गिअरबॉक्स, सस्पेन्शन सगळं एकत्र खाली काढता येतं, घरी काम करणाऱ्याला याहून मोठं सुख नाही! मस्टँगला इंजिनाच्या दोन्ही बाजूंचे शॉक टॉवर (सस्पेन्शन धरणारे पत्र्याचे उंच भाग) मध्ये येतात, व्ही-८ इंजिनाचे मागचे स्पार्क प्लग काढताना हात सोलून निघतो.

वेल्डिंग येत असेल तर मस्टँग. येत नसेल पण खिसा थोडा मोठा असेल, तर अमेरिकेतल्या कोरड्या ॲरिझोना राज्याकडची, न गंजलेली कॅमेरो शोधा, तिकडच्या हवेत पत्रा टिकतो.