घरचा फ्रेम पूल – आठ महिने वापरल्यानंतर

आठ महिने झाले आम्ही अंगणात स्विमिंग पूल लावून, तो जमिनीच्या वर उभा राहणारा लोखंडी पाइपांचा फ्रेमवाला, 12 फूट व्यास आणि अडीच फूट उंची, साधारण 6,500 लिटर पाणी बसतं. घ्यायच्या आधी मी पाइप जाड आहेत का, लायनर (पाणी धरणारं आतलं प्लास्टिकचं कापड) किती पदरी आहे हेच बघत बसले होते, पण खरं काम जमिनीचं आणि पाण्याचं आहे हे नंतर कळलं.

बॉक्सवर लिहिलं होतं की अर्ध्या तासात तयार. फ्रेम होते हो अर्ध्या तासात, पण जागा सपाट करायला आम्हाला पूर्ण दोन दिवस लागले. आधी आम्ही डोळ्यांच्या अंदाजाने जागा ठरवली, कापड टाकलं, पूल उभा केला आणि पाणी सोडलं, वीतभर पाणी भरल्यावर बघितलं तर एका बाजूला पाणी चांगलं चार बोटं वर. सगळं पाणी सोडून दिलं, फ्रेम काढली, आणि मग गवंडी वापरतात तो लेव्हल पाइप आणून नीट मापं घेतली. यात एक गोष्ट लक्षात ठेवा, खोलगट भागात माती टाकून वर आणू नका, उंचवटा आहे तो खणून खाली आणा, कारण टाकलेली भुसभुशीत माती साडेसहा टन वजनाखाली बसते आणि पूल तिकडेच कलतो. दगड, मुळं, काटेकुटे हाताने वेचून काढा. आणि तळाला बोटभर पाणी आलं की नळ बंद करून आत उतरा आणि लायनरच्या चुण्या पायाने बाहेरच्या बाजूला सरकवा, नंतर पाण्याचा भार आला की चुणी हलत नाही आणि तिथेच घाण साठते.

गच्चीवर लावायचा विचार असेल तर थांबा. दोन फूट पाणी म्हणजे दर चौरस मीटरला 600 किलो, साध्या घराचा स्लॅब एवढ्यासाठी धरलेला नसतो, स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारल्याशिवाय अजिबात नको.

आता पाणी. पहिले दोन महिने अगदी नितळ, तळाची शिवण मोजता यायची. मी तरंगत्या डब्यात क्लोरीनची गोळी टाकून निर्धास्त होते. तिसऱ्या महिन्यात भिंती बुळबुळीत लागायला लागल्या, आणि दोन दिवस आम्ही बाहेर होतो ते परत येऊन बघते तर पाणी हिरवंगार. पाणी तपासायच्या पट्टीवर क्लोरीन 3 पीपीएम (दहा लाख भागांत तीन भाग) दाखवत होतं, म्हणजे पुरेसं! मला काही उलगडेना. मग वाचत बसले तेव्हा कळलं, त्या गोळ्यांमध्ये सायन्युरिक ॲसिड असतं, ते क्लोरीनला उन्हापासून वाचवतं म्हणून थोडं हवंच, 30 ते 50 पीपीएम, पण गोळीतून 10 पीपीएम क्लोरीन गेलं की 6 पीपीएम हेही पाण्यात जातं, आणि क्लोरीन संपतं तसं हे संपत नाही, साठत राहतं. आमचं 100 च्या वर गेलं होतं, तेवढं झालं की क्लोरीन असून कामाचं राहत नाही. त्याच्यावर औषध नाही, पाणीच बदलावं लागतं. आम्ही अर्ध पाणी झाडांना न देता गटारात सोडलं (क्लोरीन होतं म्हणून), जीव तुटला अक्षरशः. तेव्हापासून रोजचं काम लिक्विड क्लोरीनवर, संध्याकाळी ऊन उतरल्यावर टाकते, गोळी फक्त गावाला जाताना. दोन प्रकारची क्लोरीन कोरडी एकत्र कधीही करू नका, एकाच डब्यात सुद्धा नको, भडका उडतो.

रोजचा हिशोब असा: पीएच (पाणी किती आम्लधर्मी ते सांगणारा आकडा) 7.2 ते 7.6, क्लोरीन 1 ते 3 पीपीएम. सकाळी पट्टी बुडवायची, जाळीने पानं काढायची, भिंतीला ब्रश मारायचा, दहा-पंधरा मिनिटं पुरतात. पंपाबरोबर आलेला फिल्टर ताशी 2,000 लिटर फिरवतो, म्हणजे सगळं पाणी एकदा फिरायला सव्वातीन तास, मी रोज सात तास चालवते. फिल्टरमधलं काडतूस (गाळणारा कागदी नळा) दर तीन दिवसांनी पाइपच्या धारेखाली धुवायचं, आणि दोन काडतुसं ठेवाच, एक वाळेपर्यंत दुसरं. पंपाच्या लाइनला ईएलसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) हवाच, त्यात काटकसर नको. आणि डोळे झोंबतात, उग्र वास येतो म्हणून लोक क्लोरीन कमी करतात ते उलटं आहे, तो वास घाम-लघवीला चिकटून वापरल्या गेलेल्या क्लोरीनचा असतो, तेव्हा जास्त टाकावं लागतं. पोरांना आधी अंघोळ करूनच उतरवायची सवय लावली तर अर्धा त्रास कमी होतो, आमच्याकडे झाला.

मध्ये पाणी कमी होतंय असं वाटलं म्हणून बादली भरून शिडीच्या पायरीवर ठेवली, दोन्हीकडे खूण केली, दुसऱ्या दिवशी पूल बादलीपेक्षा जास्त उतरलेला. तळाला शिवणीजवळ बारीक भोक होतं, पाण्याखाली चिकटणाऱ्या पॅचने ते बुजलं, आता चार महिने झाले, टिकलाय.

सोबतची शिडी मात्र डुगडुगते, ते मला आवडलेलं नाही. ती मी वापर झाला की उचलून घरात ठेवते, कुलूप लावून, कारण धाकटा चार वर्षांचा आहे आणि शिडी असली की त्याला चढणं अगदी सोपं होतं. पोरं पाण्यात असली की एक मोठं माणूस काठाशी उभं, हातात फोन नाही, एवढा एक नियम आमच्या घरात कोणी मोडत नाही.