बुटीकसाठी कंपोझिशन सोडून रेग्युलर जीएसटी : एका लग्नसराईनंतरचा अनुभव

एप्रिल २०२५ पासून माझं कोल्हापुरातलं बुटीक कंपोझिशनमधून (लहान धंद्यांनी उलाढालीवर ठरावीक टक्के कर भरायची योजना) बाहेर पडून रेग्युलर जीएसटीत आहे. तिमाही रिटर्न, मोबाइलवरचं बिलिंग अ‍ॅप आणि ऑर्डरची वही, या तिघांच्या भरवशावर आता एक पूर्ण लग्नसराई पार पडली. ज्यांच्याकडे शिलाई जास्त आणि तयार माल कमी, त्यांच्यासाठी लिहिते आहे.

कंपोझिशन म्हणजे एक टक्का, असं जो तो सांगतो. तो एक टक्का माल विकणाऱ्याचा आणि बनवणाऱ्याचा. त्यात सेवा किती चालते? उलाढालीच्या दहा टक्के किंवा पाच लाख, यांतलं जे जास्त असेल तेवढीच. माझी निम्म्याहून जास्त कमाई ब्लाउज, फॉल-पिको, शिवलेली नऊवारी आणि ऑल्टरेशनची. म्हणजे सेवेचीच. सेवेच्या कंपोझिशनला सहा टक्के पडतात, उलाढाल ५० लाखांच्या आत लागते, आणि ते सहा टक्के गिऱ्हाइकाकडून घेता येत नाहीत. रेग्युलरमध्ये शिलाईवर पाच टक्के आहेत (जानेवारी २०१८ पर्यंत अठरा होते), ते बिलात लावता येतात, शिवाय अस्तर, झिप, मशिन यांवर भरलेला कर वजा होतो. दुकानात शिल्लक असलेल्या अस्तर-कापडावरचं क्रेडिटही (म्हणजे आधी भरलेल्या कराची वजावट) मिळालं, पण त्यासाठी आयटीसी-०१ फॉर्म ३० दिवसांत भरावा लागतो. हे वेळेवर सांगणारा सीए असणं फार महत्त्वाचं.

ज्यांची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत आहे आणि तयार कपडे राज्याबाहेर पाठवायचे नाहीत, त्यांनी मात्र उगाच नोंदणी घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

आता खरी गोष्ट. जीएसटीचं काम सीएच्या टेबलावर होत नाही, माप घेताना होतं. आमच्या वहीत छाती, कंबर, शोल्डर, बाही यांच्या आधी मी एक रकाना वाढवला : कापड कुणाचं? गिऱ्हाइकाचं असेल तर ती शिलाई, पाच टक्के, मग मजुरी आठशे असो नाहीतर आरी वर्कसकट आठ हजार. कापड आमचं आणि आम्हीच शिवून दिलं, तर आमच्या सीएंच्या मते ती तयार कपड्याची विक्री, आणि मी तसंच बिल करते. हा रकाना मास्टरनी माप घेतानाच भरला की पुढे चुकायला जागाच उरत नाही. महिन्यानंतर बिलांचा गठ्ठा समोर घेऊन आठवत बसलं तर कुणालाच सांगता येणार नाही.

हा फरक २२ सप्टेंबर २०२५ पासून फार मोठा झाला. आधी तयार कपड्याला हजारापर्यंत पाच आणि वर बारा टक्के होते. आता अडीच हजारांपर्यंत पाच, त्यापुढे थेट अठरा. आणि अठरा टक्के वरच्या रकमेवर नाही, पूर्ण किमतीवर. २५०० चा कुर्ता गिऱ्हाइकाला २६२५ ला पडतो, २६०० चा पडतो ३०६८ ला. शंभर रुपये वाढवले की गिऱ्हाइकाचे चारशे त्रेचाळीस वाढतात. त्यामुळे २५०० ते २८०० मधला माल मी रॅकवर ठेवणंच बंद केलं. गंमत म्हणजे वीस हजारांच्या पैठणीवर पाचच टक्के, कारण साडी कापडात मोजतात. त्यामुळे “साडीला पाच आणि ड्रेसला अठरा का, ताई?” हा प्रश्न रोज येतो. चिडायचं नाही, शांतपणे समजवायचं. गिऱ्हाइकाचा पैसा आहे, विचारणारच.

अ‍ॅडव्हान्सकडे नीट लक्ष द्या. मालाच्या अ‍ॅडव्हान्सवर कर लागत नाही, सेवेच्या अ‍ॅडव्हान्सवर लागतो. डिसेंबरमध्ये फेब्रुवारीच्या लग्नाचे दहा ब्लाउज आले आणि निम्मे पैसे घेतले, तर त्या निम्म्यांवरचा कर डिसेंबरच्या तिमाहीत भरायचा, ब्लाउज अजून कटिंगलाही गेलेले नसले तरी. मी वापरते ते अ‍ॅप अ‍ॅडव्हान्स नुसता गिऱ्हाइकाच्या खात्यात जमा दाखवतं, करात धरत नाही. रिसीट व्हाउचर, म्हणजे अ‍ॅडव्हान्सची पावती, हाताने वेगळं करावं लागतं. एवढ्या लहान दुकानांसाठी बनवलेल्या अ‍ॅपमध्ये हे असायलाच हवं होतं.

त्याच अ‍ॅपची दुसरी अडचण सीमाभागातल्या सगळ्यांना येईल. ते प्रत्येक बिलाला पत्ता मागतं. निपाणी, बेळगावच्या बायका आमच्याकडे खूप येतात. ऑक्टोबर २०२३ पासूनच्या नियमाप्रमाणे, नोंदणी नसलेल्या गिऱ्हाइकाचा पत्ता बिलावर लिहिला तर माल त्या राज्यात गेला असं धरतात. काउंटरवरून कपडा हातात दिला तरी बिलावर बेळगाव आलं की आयजीएसटी, म्हणजे दुसऱ्या राज्यातल्या विक्रीचा कर. पत्ता नसेल तर आपलं राज्य. म्हणून मी काउंटरच्या विक्रीला नाव आणि फोनच घेते, कुरिअर असेल तेव्हाच पत्ता.

फॉल-पिकोसारख्या दोनशेच्या आतल्या कामाला गिऱ्हाइकाने मागितलं नाही तर वेगळं बिल लागत नाही, दिवसाअखेर सगळ्यांचं मिळून एक चालतं. हे कळल्यावर काउंटरवरच्या मुलीचा निम्मा ताण गेला.

रिटर्नचं म्हणाल तर त्रास कमी आहे. तिमाही योजनेत जीएसटीआर-१ (विक्रीचा तपशील) तिमाही संपल्यावर तेरा तारखेपर्यंत, ३बी (कर भरायचं रिटर्न) आपल्याकडे बावीसपर्यंत, आणि तिमाहीच्या पहिल्या दोन महिन्यांचे पैसे पुढच्या महिन्याच्या पंचवीस तारखेपर्यंत. रिटर्नला उशीर झाला तर दिवसाला पन्नास रुपये लागतात. खरी डोकेदुखी क्रेडिटची. अस्तरवाल्याने आपलं बिल त्याच्या रिटर्नमध्ये दाखवलं नाही तर आपल्या २बीमध्ये (पोर्टलवरची आपल्या क्रेडिटची यादी) ते येत नाही आणि वजावट अडकते. लेस-बटणांचे छोटे व्यापारी बहुतेक कंपोझिशनमध्ये किंवा बिननोंदणीचे, त्यांच्याकडून क्रेडिट मिळतच नाही. म्हणून अस्तर आणि झिप मी आता वेळेवर रिटर्न भरणाऱ्या एकाच दुकानातून घेते, मीटरमागे थोडं महाग पडलं तरी.

पुढच्या वर्षासाठी कंपोझिशनमध्ये परत जायचं असेल तर ३१ मार्चच्या आत पोर्टलवर कळवावं लागतं. मी जाणार नाही. ज्यांचं सगळं काम तयार कुर्त्यांचं, तेही राज्यातल्या राज्यात आणि दीड कोटींच्या आत, त्यांना तो एक टक्का अजूनही परवडेल. माझ्यासारख्या शिलाईवाल्यांनी मात्र वहीत तो रकाना आखून एक तिमाही खरे आकडे भरावेत आणि मग सीएंकडे जावं.