गुन्हा विद्यापीठात, शिक्षा कोणी द्यायची? एनसीएए, कॉन्फरन्स आणि कायदा

पेन स्टेट, बेलर आणि मिशिगन स्टेट ही अमेरिकेतली तीन विद्यापीठं. तिन्ही ठिकाणी लैंगिक अत्याचाराच्या तक्रारी होत्या, तिन्ही ठिकाणी त्या जिथे पोचायला हव्या होत्या तिथे पोचल्या नाहीत. विद्यापीठांच्या खेळांचं नियमन करणाऱ्या एनसीएए या संघटनेचा हिशोब मात्र तिन्ही ठिकाणी वेगळा. पेन स्टेटला ६ कोटी डॉलर दंड, बेलरला ५,००० डॉलर, मिशिगन स्टेटला काहीच नाही. माजी विद्यार्थी मंडळात किंवा विद्यापीठाच्या एखाद्या समितीवर असाल, तर 'अशा वेळी एनसीएएनं हात घालावा का' यावर कधी ना कधी मत द्यावं लागेल. ते देण्याआधी पर्याय शेजारी शेजारी ठेवून पाहिलेले बरे.

न्यायालय आणि शिक्षण खातं आपापलं काम करणारच, त्यावर कुणाचा वाद नाही. निवड आहे ती वरच्या थराची: त्याच्या जोडीला एनसीएएची शिक्षा हवी की कॉन्फरन्सनं, म्हणजे एकमेकांशी खेळणाऱ्या आणि कमाई वाटून घेणाऱ्या विद्यापीठांच्या गटानं, पैसे अडवावेत?

एनसीएएच्या बाजूनं सर्वांत भक्कम मुद्दा असा, की फुटबॉलच्या प्रतिष्ठेसाठी गप्प बसलेल्या माणसांना फुटबॉलवरच फटका बसला तर तो लागतो. पेन स्टेटमध्ये तो बसला. फुटबॉल संघाचे माजी सहायक प्रशिक्षक जेरी सँडस्की यांनी मुलांवर केलेल्या अत्याचारांबद्दल लुई फ्री यांचा चौकशी अहवाल आला १२ जुलै २०१२ ला, शिक्षा जाहीर झाली २३ जुलैला. चार वर्षं हंगामाअखेरच्या मानाच्या 'बोल' सामन्यांवर बंदी, दरवर्षी नव्या शिष्यवृत्त्या २५ वरून १५ वर, एकूण ८५ वरून ६५ वर, पाच वर्षं देखरेख आणि १९९८ ते २०११ मधले सगळे विजय रद्द. संघाचे दीर्घकाळचे मुख्य प्रशिक्षक जो पटर्नो यांचे ४०९ विजय एका दिवसात २९८ झाले. पीडितांच्या बाजूनं उभ्या असलेल्या अनेकांना त्या दिवशी वाटलं, की कुणीतरी ऐकलं. ही भावना हलक्यात घेण्यासारखी नाही.

पण त्या ११ दिवसांत एनसीएएची नेहमीची पद्धत कुठेच नव्हती. एरवी आधी आरोपपत्र जातं, उत्तराला मुदत मिळते, नियमभंग समितीपुढे सुनावणी होते, मग निकाल आणि अपील. इथे विद्यापीठानं शिक्षा मान्य असल्याच्या संमतीपत्रावर थेट सही केली. पुढे खटल्यात एनसीएएच्याच कर्मचाऱ्यांचे ईमेल बाहेर आले. आपला अधिकार इथपर्यंत ताणणं अवघड आहे आणि हा एक प्रकारे डाव टाकणंच आहे, असं त्यांनी आपसात लिहिलं होतं. पाया कच्चा होता, त्यामुळे इमारत टिकली नाही. दंडाची रक्कम राज्यातच खर्च व्हावी यासाठी पेनसिल्वेनियानं कायदा केला, त्यावरून खटला उभा राहिला आणि अखेर संपूर्ण संमतीपत्रच गुंडाळलं गेलं. सप्टेंबर २०१४ मध्ये बोलबंदी उठली, जानेवारी २०१५ मध्ये विजयही परत आले. ६ कोटी डॉलर तेवढे मुलांवरील अत्याचार रोखण्याच्या आणि पीडितांना मदत करण्याच्या कामासाठी राहिले. तोच त्या शिक्षेचा सर्वांत उपयोगी भाग होता.

मधल्या दोन हंगामांची झळ कुणाला लागली? २०१२ च्या संघातला २१ वर्षांचा खेळाडू १९९८ मध्ये, सँडस्की यांच्याविरुद्ध पहिली तक्रार आली तेव्हा, ७ वर्षांचा होता. त्याला दंडाशिवाय दुसऱ्या विद्यापीठात जाण्याची मुभा दिली, हे खरं. पण घर, अभ्यासक्रम, मित्र सोडून जाणं हीसुद्धा शिक्षाच. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ते हेच.

एवढ्यावरही एनसीएएच्या बाजूनं म्हणता येईल, की पद्धत चुकली म्हणजे कल्पना चुकली असं नाही. पद्धत पाळून शिक्षा दिली तर? त्याचं उत्तर बेलरच्या निकालात आहे, आणि माझं मत तिथेच पक्कं झालं.

बेलरमध्ये एनसीएएनं सगळं नियमानुसार केलं. फुटबॉल प्रशिक्षक आर्ट ब्राइल्स यांना मे २०१६ मध्ये पदावरून दूर केलं, निकाल आला ऑगस्ट २०२१ मध्ये. अडचण अशी, की एनसीएएच्या नियमपुस्तकात 'तक्रार दाबली' असा नियमभंगच नाही. त्यामुळे तपास पथकाला गुन्हा वेगळ्या भाषेत मांडावा लागला: खेळाडूंवरच्या तक्रारी पुढे न पाठवून विद्यापीठानं त्यांना इतर विद्यार्थ्यांना न मिळणारा जादा लाभ दिला. समितीनं पुरावे तपासले तर दिसलं, की विद्यापीठात कुणाच्याच तक्रारी नीट पुढे जात नव्हत्या. २०१४ च्या अखेरीपर्यंत तिथे टायटल नाइनचा, म्हणजे शिक्षणात लिंगभेदाला मनाई करणाऱ्या कायद्याचा, पूर्णवेळ समन्वयकसुद्धा नव्हता. मग खेळाडूंना 'जादा' असं काय मिळालं? आरोप टिकला नाही. इतर नियमभंगांसाठी चार वर्षं देखरेख, काही निर्बंध आणि ५,००० डॉलर दंड झाला. समितीनं वर्तनाचा कडक शब्दांत निषेध केला आणि आपले हात बांधलेले असल्याचं मान्य केलं.

हे पुन्हा वाचून पाहा. विद्यापीठानं सगळ्याच मुलींना वाऱ्यावर सोडलं, म्हणून ते सुटलं. व्याप जितका मोठा, तितका बचाव मजबूत. समितीचा निकाल तिच्या नियमांनुसार बरोबरच आहे, आणि म्हणूनच तो जास्त खुपतो. नियमपुस्तक खेळातली स्पर्धा समान ठेवण्यासाठी लिहिलेलं आहे, त्यातून गुन्हा मोजता येत नाही. मिशिगन स्टेटमध्ये तिथले क्रीडा डॉक्टर लॅरी नासर यांनी केलेल्या अत्याचारांच्या प्रकरणात २०१८ मध्ये याच मापानं चौकशी झाली आणि एकही नियमभंग सापडला नाही, तेही विद्यापीठानं ३३२ पीडितांसाठी ५० कोटी डॉलरची तडजोड मान्य केल्यानंतर.

आता कॉन्फरन्स. बेलर ज्या कॉन्फरन्समध्ये आहे त्या बिग ट्वेल्व्हनं फेब्रुवारी २०१७ मध्ये बेलरच्या उत्पन्नाच्या वाट्यातले २५ टक्के अडवले. चौकशी करणाऱ्या वकिलांच्या संस्थेनं १०५ शिफारशी केल्या होत्या. त्या खरोखर अमलात आल्या का, हे बाहेरच्या तपासनिसानं पडताळेपर्यंत पैसे मिळणार नाहीत, अशी अट घातली. सुमारे १.४ कोटी डॉलर अडकले. ऑक्टोबर २०१८ मध्ये पडताळणी पूर्ण झाली, तेव्हा २० लाख डॉलर दंड म्हणून कापून बाकीचे सोडण्याचं ठरलं. एकाही खेळाडूची शिष्यवृत्ती गेली नाही, एकही हंगाम वाया गेला नाही, आणि कुलगुरूंच्या टेबलावर एकच प्रश्न राहिला: शिफारशींचं काय झालं?

या वाटेतही खोट आहे. कॉन्फरन्समधली विद्यापीठं एकमेकांच्या टीव्ही कमाईवर जगतात, त्यामुळे मोठ्या नावाच्या संघाला हात लावायला ती कचरू शकतात. तपासनीस कोण नेमतो, त्याचा अहवाल जाहीर होतो का, आणि अडवलेल्या पैशाची झळ पोहणं किंवा कुस्तीसारख्या कमी कमाईच्या संघांना लागू नये याची काय सोय, हे तीन मुद्दे करारात आधीच लिहून घेतले नाहीत तर ही शिक्षा पोकळ होते. तरीही दोन्हींत निवडायचं झालं, तर मी याच बाजूला झुकतो.

कायद्याची बाजू संथ आहे. आवारातल्या गुन्ह्यांची माहिती जाहीर करणं विद्यापीठांना बंधनकारक करणाऱ्या क्लेरी कायद्याखाली पेन स्टेटला सुमारे २४ लाख डॉलर दंड झाला तो नोव्हेंबर २०१६ मध्ये, सँडस्की यांच्या अटकेनंतर पाच वर्षांनी. त्यांच्या फुटबॉलच्या कमाईपुढे ही रक्कम किरकोळ. मिशिगन स्टेटचा ४५ लाखांचा दंड त्याहून बरा, कारण त्यासोबत स्वतंत्र क्लेरी अधिकारी नेमण्याची सक्ती आली. पण जबाबदार माणसाला तुरुंगापर्यंत कायदाच नेतो. पेन स्टेटचे माजी अध्यक्ष स्पॅनियर, क्रीडासंचालक कर्ली आणि उपाध्यक्ष शुल्ट्झ या तिघांनाही मुलांच्या सुरक्षेकडे दुर्लक्ष केल्याबद्दल तुरुंगात जावं लागलं. महाराष्ट्राच्या १९९९ च्या रॅगिंगविरोधी कायद्यात हेच तत्त्व आहे: तक्रार येऊनही संस्थाप्रमुखानं कारवाई केली नाही, तर त्यानं गुन्ह्याला साथ दिली असं धरून त्याला शिक्षा होते.

मग एनसीएएला काहीच काम नाही का? आहे. २०१७ पासून दरवर्षी अध्यक्ष, क्रीडासंचालक आणि टायटल नाइन समन्वयक यांच्याकडून लैंगिक हिंसाचाराबाबतच्या जबाबदाऱ्या पाळल्याची लेखी ग्वाही घेतली जाते. ती आणखी कडक करता येईल. दुसरं हत्यार 'शो-कॉज' आदेश. २००३ मध्ये बेलरच्या बास्केटबॉल खेळाडूचा खून झाला, त्या तपासात प्रशिक्षक डेव्ह ब्लिस यांनी केलेले पैशाचे गैरव्यवहार उघडे पडले. खून न्यायालयाकडे राहिला, एनसीएएनं ब्लिस यांच्यावर १० वर्षांचा शो-कॉज लावला. तो विद्यापीठाला नव्हे, माणसाला चिकटतो. त्या काळात त्याला घेऊ पाहणाऱ्या सदस्य विद्यापीठाला आधी एनसीएएपुढे जाऊन उत्तर द्यावं लागतं. तक्रारीत ढवळाढवळ करणाऱ्या प्रशिक्षकासाठी हाच आदेश वापरायचा, तर नियमपुस्तकात एक कलम वाढवावं लागेल. माझं मत मागितलं, तर मी त्या कलमासाठी हात वर करीन, बोलबंदीसाठी नाही.