प्युरिफायर की एक्झॉस्ट? वर्गातल्या हवेसाठी दोन्ही वापरून पाहिल्यावर

शाळेच्या खरेदी समितीवर विज्ञानाचा शिक्षक असला की कुठल्याही यंत्राचं माहितीपत्रक आधी त्याच्याच टेबलावर येऊन पडतं. माजी विद्यार्थ्यांच्या एका बॅचने देणगी दिली आणि अट एवढीच घातली, की पैसे वर्गातली हवा सुधारायला वापरा. आमची शाळा पुण्यात, रहदारीच्या रस्त्याला लागून. समोर तेव्हा रस्त्याचं खोदकाम चालू होतं. सकाळी पुसलेल्या बाकावर मधल्या सुट्टीपर्यंत बोटाने नाव लिहिता यायचं, आणि मुलं ते लिहायचीही.

समितीत दोन तट पडले. शेवटी असं ठरलं, की पाचवी 'ब'मध्ये दोन एअर प्युरिफायर ठेवायचे आणि शेजारच्या पाचवी 'क'मध्ये दोन बारा इंची एक्झॉस्ट फॅन बसवायचे. मजला तोच, खोल्यांचं माप तेच, पट अठ्ठेचाळीस आणि सत्तेचाळीस. दोन्ही वर्गांवर माझ्या तासिका होत्या, म्हणून वर्षभर दोन्हीकडची हवा माझ्या नाकाने घेतली. खाली लिहितोय ते त्याच्याच भरवशावर. तुमची खोली, तुमचा रस्ता वेगळा असेल, तर तेवढी सूट धरा.

प्युरिफायरबद्दल आधी चांगलं सांगतो, कारण चांगलं आहेच. हेपा फिल्टर बारीक धूळ पकडतो याबद्दल वाद नाही. पहिल्या पंधरवड्यात धुण्याची जाळी काढली तेव्हा तिच्यावर राखाडी लोकर साचली होती. ती पाहून पालकसभेत एक आई म्हणाली, "म्हणजे हे सगळं पोरांच्या छातीत जात होतं?" यंत्राची याहून मोठी जाहिरात कोणी करणार नाही. डिसेंबरच्या सकाळी तर फरक उघड जाणवायचा. शाळा सात-दहाला भरते. थंड हवा खाली बसलेली, वारा पडलेला, कोपऱ्याकोपऱ्यावर पालापाचोळा पेटवलेला. अशा वेळी 'ब'मध्ये शिरलं की घशातली खवखव कमी व्हायची. त्या वर्गात दप्तरात दम्याचा पंप ठेवणारी एक मुलगी होती. त्या हिवाळ्यात तिचा पंप कमी निघाला असं तिच्या बाईंचं मत. मी ते पुरावा म्हणून मांडत नाही, पण विसरलोही नाही.

हिशेबात मात्र दुकानदार तुम्हाला हमखास कमी सांगेल. पंचवीस बाय वीस फुटांची, दहा फूट उंच खोली म्हणजे साधारण १४० घनमीटर हवा. ती तासाला पाच वेळा गाळून निघायची तर ताशी ७०० घनमीटर क्षमता हवी. घरगुती यंत्र ३०० च्या आसपास देतं, तेही पूर्ण वेगावर. म्हणून निदान दोन. आणि पूर्ण वेगावर दोन यंत्रं चालू असताना शेवटच्या बाकाला 'श' आणि 'ष' वेगळे ऐकू येत नाहीत. मराठीच्या बाईंनी आठवड्याभरात दोन्ही यंत्रं रात्रीच्या मोडवर टाकली. त्या मोडमध्ये ती जेमतेम श्वास घेतात.

यंत्रावर हवेतली धूळ दाखवणारा आकडा असतो, त्याचा छळ वेगळाच. फळा पुसला की खडूची धूळ उडते, यंत्रावरचा आकडा चढतो आणि दिवा लाल होतो. "सर, एकशे बारा झाला!" मग निम्मा वर्ग फळ्याकडे पाठ करून आकडा उतरायची वाट बघतो. एका बहाद्दराने डस्टर थेट यंत्रासमोर झटकून दोनशे पार करून दाखवले. शेवटी आकड्यावर चिकटपट्टी लावली.

हे सगळं मी चालवून घेतलं असतं. ज्या गोष्टीने माझा निकाल लावला ती म्हणजे खिडकी.

प्युरिफायरचं काम खिडक्या बंद असतील तरच. खिडकी उघडी ठेवून तो चालवणं म्हणजे नळ चालू ठेवून पोछा मारणं. आणि बिनएसीच्या वर्गात अठ्ठेचाळीस मुलं खिडक्या लावून बसवणं, तेही मार्चमध्ये, वरचे पंखे तीच गरम हवा घुसळत असताना! दर दहा मिनिटांनी एक हात वर: "सर, खिडकी उघडू?" मी नाही म्हणायचो. पाच मिनिटांनी दुसरा हात. मधल्या सुट्टीनंतर दार उघडलं की डबा, मोजे आणि घाम यांचा एकत्र भपकारा यायचा, आणि चौथ्या तासिकेला जांभया सुरू व्हायच्या. जांभया संसर्गजन्य असतात हे त्या वर्षी पुन्हा सिद्ध झालं. मीही सामील होतो. माझी पाठ फिरली की खिडकीजवळचा मुलगा कडी हळूच सोडायचा. मी त्याला ओरडायचो आणि मनातून वाटायचं, पोरगं बरोबर करतंय.

कारण ते खरंच बरोबर करत होतं. हेपा धूळ पकडतो, कार्बन डायऑक्साइड पकडत नाही. बाहेरच्या हवेत तो आज ४२० पीपीएमच्या, म्हणजे दहा लाख भागांत ४२० भागांच्या, आसपास आहे. एवढी मुलं खरोखर बंद खोलीत बसली तर एका तासिकेच्या आत तो दोन हजारांच्या पुढे जातो. म्युनिकच्या माक्स फॉन पेटेनकोफर या आरोग्यशास्त्रज्ञाने १८५८ मध्येच खोलीसाठी हजाराची मर्यादा सुचवली होती. म्हणजे माझ्या 'ब'मध्ये धूळ कमी होती, पण मुलं एकमेकांचा उच्छ्वास वाटून घेत होती. सर्दीची साथ आली की ती वाटणी आणखी नकोशी वाटते, अर्थात विषाणू वाहणारे तुषार फिल्टर बऱ्यापैकी पकडतो, हे त्याच्या बाजूने नमूद करतो.

आता एक्झॉस्ट. हा प्रकार दिसायला गावंढळ. देणगीदारांना फोटो काढायला काही नाही. भिंत फोडावी लागते, वायरमनच्या चार तारखा चुकतात, आणि पंखा बंद असताना झडप नीट मिटली नाही तर पारवे संसार थाटतात. आमच्याकडे दिवाळीच्या सुट्टीत तेच झालं. शाळा उघडल्यावर शिपाईमामांनी बटण दाबलं आणि अर्धं घरटं फळ्यासमोर. आता बाहेरून जाळी आहे. ती तुम्ही पहिल्याच दिवशी लावा.

खरी गोम जागेची आहे. वायरमनने पंखे बसवले रस्त्याकडच्या खिडक्यांच्या वरच्या झरोक्यांत, आणि खालच्या खिडक्या सवयीने उघड्याच राहिल्या. पंखे घरघरत होते, पण वर्ग तसाच कोंदट. शेवटी एका शनिवारी मुलं गेल्यावर मी उदबत्ती पेटवली. खिडकीपाशी धरली तर धूर सरळ वर जाऊन पंख्यातून बाहेर. मागच्या बाकापाशी धरली तर जागच्या जागी घुटमळत वर चढतोय. म्हणजे पंखा शेजारच्याच खिडकीची हवा ओढून परत रस्त्यावर फेकत होता, आणि वर्गाला त्याचा पत्ताच नव्हता. मग रस्त्याकडच्या खिडक्या लावल्या आणि समोरच्या बाजूचं, व्हरांड्याकडचं दार आणि खिडक्या उघडल्या. आमच्या व्हरांड्यापलीकडे पटांगण आहे, दोन मोठे गुलमोहर आहेत. या वेळी धूर दारापासून आडवा झाला आणि बाकांवरून रांगत पंख्याकडे निघाला. एक उदबत्ती, दहा मिनिटं. आमच्या समितीच्या तीन बैठकांपेक्षा जास्त माहिती तिने दिली.

त्या दिवसापासून 'क'मध्ये खिडकीची कटकट संपली, कारण उघडी खिडकी आता नियमातच बसते. मधल्या सुट्टीनंतर तिथे डब्याचा वास पाच मिनिटांत विरतो. आवाज आहे, पण तो एकसुरी आहे आणि वर आहे. मुलांच्या कानाजवळ नाही. मोठा दोष एकच, आणि तो लपवत नाही: एक्झॉस्ट हवा बदलतो, गाळत नाही. बाहेरची हवा वाईट असेल तर आतली तितकीच वाईट. हिवाळ्यात आम्ही पहिल्या दोन तासिका पंखे बंद ठेवतो, ऊन वर आलं की चालू करतो. परिपूर्ण नाही, पण चालतं.

पैशाचं थोडक्यात. पंखा एकदाच घ्यायचा असतो, मग वर्षातून दोनदा पुसायचा. प्युरिफायरचा फिल्टर आमच्या रस्त्यावर वर्षभरही टिकला नाही, आणि देणगीत यंत्र येतं, फिल्टर येत नाही. शाळेच्या अंदाजपत्रकात 'फिल्टर' नावाचं शीर्ष नसतं. ते 'किरकोळ'मध्ये घालताना लेखनिकांचा चेहरा बघण्यासारखा होतो.

घरगुती पेटीचाही एक प्रयोग केला. २०२० मध्ये अमेरिकेत रिचर्ड कोर्सी आणि जिम रोझेन्थल यांच्या नावाने चौकोनी पंख्याला फिल्टर चिकटवून केलेली, हवा गाळणारी पेटी प्रसिद्ध झाली. नववीच्या मुलांनी ती हौसेने बनवली. आपल्याकडे तसा पंखा सहज मिळत नाही, म्हणून जुना एक्झॉस्ट वापरला. धूळ खाते, पण चालू केली की पिठाच्या गिरणीत बसल्यासारखं वाटतं. प्रदर्शनात बक्षीस मिळालं, वर्गात जागा मिळाली नाही.

दोन्हींच्या आधी एक फुकटचं काम. आमच्याकडे मावशी पावणेसातला कोरडा झाडू मारायच्या आणि सात-दहाला मुलं त्याच धुळीत बसायची. आता झाडणं शाळा सुटल्यावर, सकाळी फक्त ओला पोछा, आणि फळा ओल्या फडक्याने. हे आधी करा, मग यंत्रं मागवा. कदाचित एखादं कमीच लागेल.

तुमच्या वर्गांना एसी असेल आणि खिडक्या तशाही बंदच असतील, तर प्युरिफायरला पर्याय नाही. फक्त ताजी हवा कुठून येते ते विचारा. दिल्लीसारखा नोव्हेंबर वाट्याला असेल, किंवा चंद्रपूरसारखं औष्णिक केंद्र शेजारी असेल, तर माझा अनुभव तुमच्या कामाचा नाही. पण बाकी महाराष्ट्रातली बिनएसीची, चाळीस-पन्नास पटाची, एका बाजूला रस्ता आणि दुसऱ्या बाजूला पटांगण असलेली शाळा असेल, तर मला विचाराल तर आधी भिंत फोडा.

आम्ही पुढच्या वर्षी आणखी सहा वर्गांत एक्झॉस्ट बसवले. 'ब'मधला एक प्युरिफायर बालवर्गात नेला. तिथे अठराच मुलं आहेत, दोन तासांत घरी जातात आणि हिवाळ्यात त्यांच्या खिडक्या तशाही लावलेल्याच असतात. दुसरा सध्या मुख्याध्यापकांच्या खोलीत आहे. तिथे खिडकी उघडू का, असं कोणी विचारत नाही.